घासलेले गळ

आमच्या एमआयडीसीला सुट्टी गुरुवारी असते. रविवारी सगळं जग लोळत पडलेलं असतं तेव्हा आम्ही डबा घेऊन कंपनीच्या बसची वाट बघत उभे असतो, आणि आम्ही मोकळे होतो तेव्हा मुलं शाळेत असतात, शेजारीपाजारी कामावर. त्यात बायकोचा गुरुवारचा उपास. त्या दिवशी आमच्या घरात अंडंसुद्धा फुटत नाही. अशा दिवशी मासे धरायला जाणारा माणूस एक तर वेडा असतो किंवा त्याला घरात बसायचं नसतं. मी दुसऱ्या प्रकारात मोडत होतो. घरात बसलो तर बायको माझ्या डोळ्यांकडे नीट बघेल, याची मला भीती वाटत होती.

डोळ्यांचं आधी सांगतो, कारण सगळं तिथूनच सुरू झालं. चाकणच्या एका कारखान्यात मी अकरा वर्षं तपासणीच्या बाकावर बसत होतो. दुचाकीच्या पुढच्या ब्रेकमध्ये बोटाच्या पेराएवढी एक पिन बसते, ती आम्ही बनवायचो. हजारो पिनांत एखादीला केसाहून बारीक चीर असते. ती शोधून लाल पेटीत टाकायची, बाकीच्या हिरव्या ट्रेमध्ये मांडायच्या, एवढंच माझं काम. आधी मशीन बघतं, पण मशीननंतरचा शेवटचा डोळा माणसाचा. माझा डावा डोळा लहानपणापासून अधू, त्यामुळे सगळी भिस्त उजव्यावर. त्यालाच भिंग लावायचो. "याच्या नजरेतून मुंगीचा पाय सुटत नाही," असं आमचे साहेब पाहुण्यांना सांगायचे आणि मी मान खाली घालून हसायचो. खोटं कशाला बोलू, मला त्याचा माज होता.

गेल्या वर्षी संक्रांत झाली त्याच आठवड्यात एका सकाळी तपासणीच्या तक्त्यावर सही करताना मधली रेघ वाकलेली दिसली. छापणाऱ्याला शिवी हासडली आणि दुसरा तक्ता घेतला. त्याचीही रेघ तिथेच वाकलेली. मग लक्षात आलं की मी जिथे बघतो तिथेच एक धुरकट डाग येतोय. नजर जरा बाजूला नेली की कडेचं स्वच्छ दिसायचं, पण थेट बघायला गेलं की डाग हजर. रात्रपाळीचं जागरण असेल, होईल बरं, असं म्हणून मी कानाडोळा केला. आठ दिवस गेले, पंधरा गेले, डाग काही हलेना.

कुणाला सांगावं तर बाकावरून उठवतील. बाकावरून उठलेल्या माणसाला आमच्याकडे पुन्हा जागा कुठे मिळते ते मी पाहिलं होतं. न सांगावं तर त्या पिना कुठल्या चाकात बसणार हे मला रोज दिसत होतं, घरी जाताना रस्ता तर सगळा दुचाक्यांनीच भरलेला. वर मार्चअखेरीला कामगारांच्या डोळ्यांची वार्षिक तपासणी. डोकं दुखायची गोळी मागायच्या निमित्ताने मी कंपनीच्या दवाखान्यात गेलो आणि भिंतीवरच्या अक्षरांच्या तक्त्याचा मोबाइलवर फोटो काढून आणला. बसमध्ये बसून ती अक्षरं जप करावा तशी म्हणायचो, आधी सुलट आणि मग उलट. बेचाळीस वर्षांचा बाप्या, आणि शाळेतल्या पोरासारखं पाठांतर.

पॅकिंगच्या टेबलावर माझ्याच मागे बसणारा एक जण होता. मी पास केलेल्या पिना तेलात बुडवून, कागदात गुंडाळून खोक्यात भरायचं काम त्याचं. तो उजनीच्या काठचा, तिथे म्हणे पोरं चालण्याआधी गळ टाकायला शिकतात. "तुमच्या पिंपरी-चिंचवडचं समदं पाणी आमच्याकडंच येतंय राव," असं तो कायम ऐकवायचा. "तुमी धुता, आमी पितो." दर गुरुवारी तो चाकणच्या पुढे डोंगराखालच्या एका पाझर तलावावर जायचा. दोन वर्षं मला बोलावत होता आणि मी टाळत होतो. त्या वेळी मात्र एका झटक्यात हो म्हणालो. लांबच्या हिरव्या गोष्टींकडे बघितलं की डोळ्यांना आराम पडतो, असं मी कुठेतरी ऐकलं होतं.

मी आष्टीकडचा. आमच्या गावाला पाणी टँकरने यायचं, त्यामुळे एवढं उघडं पाणी बघितलं की मला आजही आधी धसका बसतो. काठावर एक आजोबा शेळ्या राखत होते. त्यांनी आम्हा दोघांना वरपासून खालपर्यंत न्याहाळलं.

"पव्हायला येतं का?" त्यांनी मला विचारलं.

"नाही."

"मंग त्या दगडाच्या फुडं जायाचं न्हाई. आन् गळानं धरा, जाळं टाकायचं न्हाई. सोसायटीनं माशाची बारकी पिल्लं, बोटुकली, सोडल्यात औंदा."

मी त्या दगडाच्याही चार हात मागे बसलो.

मित्राने त्याची जुनी बांबूची काठी मला दिली. तंगूस, म्हणजे नायलॉनचा दोरा, त्याला गळ, गळाच्या वर शिशाचा मणी आणि त्याच्या वर थर्माकोलचा तुकडा. तुकड्याला त्याने नारिंगी टेप गुंडाळली होती, लांबून दिसावा म्हणून. कणकेत हळद आणि थोडं तेल घालून मळलेला गोळा गळाला लावायचा, पाण्यात सोडायचा, आणि त्या नारिंगी तुकड्याकडे बघत बसायचं. नवशिक्याला यापेक्षा सोपं काही नसतं, असं तो म्हणाला. माझ्या तोंडचं पाणी पळालं. अख्ख्या जगात दुसरं काही करायला मिळालं नव्हतं का मला? जे काम मला बाकावर जमत नव्हतं तेच करायला मी सुट्टीच्या दिवशी इथे येऊन बसलो होतो.

थेट बघितलं की तुकडा गायब व्हायचा. मग मी पाण्यातल्या एका वाळक्या बाभळीकडे बघायला लागलो, म्हणजे कडेने तुकडा दिसायचा. मित्र म्हणाला, "आरं, तिकडं काय बघतुयास? तिकडं मासा न्हाय, बगळा हाय." मी म्हणालो, बगळाच बघतोय.

तुकडा हलला की माझा हात आपोआप वर जायचा. अकरा वर्षं लाइनवर एकच शिकवण होती, काही वेगळं दिसलं की तत्क्षणी लाइन थांबवायचं लाल बटण दाबायचं. तो डोक्याला हात लावायचा. "दम धर की रं! चाखतोय त्यो. तुकडा पार खाली वढून नेला, की मंग हिसका मार." मला दम धरता येत नव्हता. हातात तंगूस धरून बसल्यावर मात्र हळूहळू कळायला लागलं. मासा चाखतो तेव्हा बोटाला टिचक्या बसतात आणि गिळतो तेव्हा एक सलग ओढ लागते. दुसऱ्या गुरुवारी मी बगळ्याकडे बघत बघत पहिली चिलापी काढली, वीतभर लांब, काळपट, काटे फुलवलेली. मित्र नाचलाच. ती त्याच्याच घरी गेली, कारण माझ्या घरी गुरुवारी मासा म्हणजे उंबऱ्यावरच अडवला असता. पण मला त्या दिवशी फार बरं वाटलं. डोळ्याशिवाय काम होतं, असं काहीतरी वेड्यासारखं मनात आलं आणि ते मला पटलंही.

त्या भरात मी चिखलीतल्या एका दुकानातून स्वतःचं सामान घेतलं. पंचवीस गळांचं पाकीट. बुधवारी संध्याकाळी स्वयंपाकघराच्या ओट्याशी बसून ते उघडलं आणि सवयीने पहिला गळ अंगठ्याच्या नखावरून फिरवला. टोकाजवळ नख अडकलं. बर! धातू कापताना कडेला जो टोचरा कंगोरा राहतो त्याला आम्ही बर म्हणतो, आणि बर राहिलेला माल मी आयुष्यात पास केलेला नाही. दुसरा बघितला, त्यालाही बर. तिसऱ्यालाही. माझं डोकं फिरलं. असला माल विकतात, लोकांच्या गळ्यात मारतात, कुणी बघायला नाही! माल परत करायला जाण्यापेक्षा मी घरातली बारीक कानस काढली आणि एकेक गळ घासायला बसलो. पंचवीसच्या पंचवीस. नख फिरवून खात्री करून घेत होतो. बायको म्हणाली, "अहो, एवढं मन लावून तुम्ही कधी सुरीला धार लावून दिली नाहीत." शेवटचा गळ नखावरून लोण्यासारखा सरकला तेव्हा मला कितीतरी दिवसांनी कामाचं समाधान मिळालं.

गुरुवारी सकाळी एकामागून एक मासे लागले आणि एकही बाहेर आला नाही. ओढ लागायची, मी मारायचो, मासा पाण्याच्या वरपर्यंत यायचा, एक गिरकी घ्यायचा आणि दोरा हलका व्हायचा. सहा वेळा असं झालं. सहाव्या वेळी मी काठी जमिनीवर आपटली.

"आण बरं हिकडं," मित्र म्हणाला. त्याने गळ हातात घेतला, उन्हात धरला आणि त्याला हसू आवरेना. "आरं, काटाच न्हाय याला! उलटा काटा आसतो हितं, म्हणून तर मासा निसटत न्हाय. कुनी दिलं तुला हे?"

"त्याला बर होती," मी म्हणालो. "सगळ्यांना होती. मी काढली."

तो पुन्हा हसला, पण मध्येच थांबला. स्वतःच्या काठीचा गळ ओढून घेऊन त्याने दोन्ही शेजारी शेजारी धरले. त्याचा काटा व्यवस्थित कापलेला, टोकदार, आतल्या बाजूला कललेला.

"बर आशी आसती व्हय?" तो हळूच म्हणाला. "समद्यास्नी एकाच जागी, एकाच मापाची? तू सांग. तू बाकावर बसतोस."

मी त्याच्या गळाच्या काट्यावरून नख फिरवलं.

"तुला दिसलं न्हाय?"

"घाईत होतो. संध्याकाळची वेळ, उजेड कमी होता."

तो "बरं" म्हणाला. मग त्याने माझ्या दोऱ्याला स्वतःचा एक गळ बांधून दिला आणि आम्ही पुन्हा दोरे टाकले. परत येताना त्याच्या गाडीवर मागे बसलो होतो तेव्हा मला त्याची फक्त पाठ दिसत होती. ती पाठ काय विचार करतेय, याचा विचार करून माझा जीव अर्धा झाला.

पुढचे तीन आठवडे मी कसे काढले ते माझं मला माहीत. चोराच्या मनात चांदणं. तो साहेबांच्या केबिनकडे गेला की माझ्या हातातली पिन हातातच राहायची, आणि तो नुसती रजेची चिठ्ठी देऊन परत यायचा. माझ्याशी वागणं नेहमीसारखंच, डब्यातली भाजी द्यायचा, गुरुवारी तलावावर न्यायचा. डोळ्याचं नावही काढत नव्हता. झाकली मूठ झाकलेलीच राहील, असं मला वाटायला लागलं. एक गोष्ट मात्र खटकायची. पूर्वी शिफ्ट संपायच्या आधीच त्याचं टेबल मोकळं व्हायचं, आणि आता तो रोज मागे राहायला लागला होता. पाडव्याच्या गाड्यांसाठी माल जास्त होता, ओव्हरटाइम सगळ्यांनाच होता, म्हणून मी फार खोलात गेलो नाही. खोलात जायची माझी इच्छाच नव्हती, हे खरं कारण.

तिसऱ्या गुरुवारी तलावावर आम्ही दोरे टाकून बसलो आणि त्याने शर्टाच्या खिशातून कागदाची पुडी काढून माझ्या तळहातावर ठेवली. आत एक पिन होती.

"बघ."

मी भर उन्हात पिन धरली. फिरवली. थेट बघितलं, बाजूने बघितलं, नख फिरवलं. "बरोबर आहे की."

"चीर हाय," तो म्हणाला. "मंगळवारच्या तुज्या ट्रेमधली. तीन हप्ते झालं, तुजं समदं ट्रे मी पुन्यांदा बघतोय. ही एकच घावली. पर घावली."

समोर नारिंगी तुकडा बुडाला असणार, कारण काठी सरकत होती, पण दोघांपैकी कुणीही तिला हात लावला नाही.

"सोमवारपास्नं मला सेकंड शिफ्ट लागलीया," तो म्हणाला. "तुज्या मागं मी नसनार."

"सांगणार आहेस का साहेबांना?"

"मी कशाला सांगू? तू सांगशील." पिन पुन्हा पुडीत गुंडाळत म्हणाला, "आन् न्हाय सांगितलंस, तर मला सांगावंच लागंल, राव. माजं बी लेकरू गाडीवर शाळंत जातंय."

मला त्याचा राग आला. खरंच आला. तीन आठवडे माझ्या पाठीमागे माझंच काम तपासत होता आणि वर माझ्यासोबत मासे धरत होता. मग वाटलं, त्याने तपासायला सुरुवात केली गळाच्या दिवसापासून. त्याच्या आधीचा महिना? त्या महिन्याचे ट्रे कुणी बघितले? हा प्रश्न डोक्यात शिरला आणि राग कुठल्या कुठे गेला. उरली ती नुसती भीती, आणि ती माझ्या नोकरीची नव्हती.

शुक्रवारी पहिल्या शिफ्टला बाकावर न बसता मी सरळ साहेबांकडे गेलो. पाठ केलेली अक्षरं तेवढी सांगितली नाहीत, बाकी सगळं सांगितलं. त्यांनी दार लावून घेतलं आणि एकच विचारलं, "कधीपासून?" मी म्हणालो, संक्रांतीपासून. त्यांनी कपाळाला हात लावला आणि फोन उचलला. पुढचे दोन दिवस पाच जण माझा माल पुन्हा तपासत होते आणि मी कोपऱ्यात स्टुलावर बसून त्यांच्या माना वर-खाली होताना बघत होतो. आणखी दोन चिरा सापडल्या. पण सुरुवातीचा बराचसा माल केव्हाच पुढे गेला होता, गाड्यांमध्ये बसून शोरूममध्ये पोचलाही होता. शेवटी असं ठरलं, की त्या गाड्या पहिल्या सर्व्हिसिंगला येतील तेव्हा पिन बदलून द्यायची. गाडी घेतलेल्या माणसाला वेगळं काही कळवायची गरज नाही, महिन्याभरात सगळे येतातच, असं कुणीतरी वरून सांगितलं.

मला काढलं नाही, हेच नवल. स्टोअरमध्ये टाकलं. आकुर्डीच्या डॉक्टरांनी डोळा बघून सांगितलं की पडद्याखाली पाणी साठलंय, आपोआप ओसरेल, काही महिने लागतील, काळजी करू नका. घरी मात्र बायको दोन दिवस बोलली नाही. तिसऱ्या दिवशी म्हणाली, "दोन महिने माझ्यासमोर जेवत होतात तुम्ही. मला निदान डोळ्याला काही झालंय एवढं तरी सांगायचं."

पाडवा झाला. हँडलला झेंडूच्या माळा बांधलेल्या नव्या गाड्या रस्तोरस्ती दिसायला लागल्या. महिन्याभरात सगळे येतात? माझ्या मेहुण्याने त्याची गाडी पहिल्या वर्षात एकदाही दाखवली नव्हती. मी सिग्नलला शेजारच्या माणसाला विचारायला लागलो, "दादा, पहिली सर्व्हिसिंग झाली का?" लोकांना वाटायचं मी गॅरेजवाला आहे, गिऱ्हाईक शोधतोय. एक जण तर म्हणाला, "काका, कार्ड द्या, येतो." झाली म्हणणाऱ्याचे मी आभार मानायचो आणि तो चमत्कारिक नजरेने बघत निघून जायचा.

मे महिन्यातल्या एका गुरुवारी तलावावर होतो. पाणी बरंच मागे हटलं होतं. मित्राची आणि माझी सुट्टी तेवढी अजून जुळत होती. बोटाला ओढ लागली, नेहमीची टिचकी नव्हे, चांगली जड. मी मारलं आणि काठी धनुष्यासारखी वाकली. "मरळ हाय, मरळ!" मित्र ओरडला. "सोडू नकोस, दमू दे तिला."

तेवढ्यात वर बांधावर एक गाडी येऊन थांबली. एक जोडपं होतं, नवं लग्न झालेलं असावं, मुलीच्या हातात चुडा होता. दोघं पाण्याकडे पाठ करून फोटो काढत होते. हँडलच्या माळेची फुलं पार वाळून गेली होती. मी काठी मित्राच्या हातात कोंबली आणि बांध चढायला लागलो. तो खालून हाका मारत होता, "आरं कुटं चाललास? यडा झालास का?" वर पोचेपर्यंत मला दम लागला. ते दोघं घाबरून माझ्याकडे बघायला लागले. माझे हात कणकेने आणि चिखलाने भरलेले होते.

"दादा, पहिली सर्व्हिसिंग झाली का गाडीची?"

"नाही हो काका," तो म्हणाला. "वेळच नाही मिळाला. का?"

मी गाडीच्या पुढच्या चाकापाशी उकिडवा बसलो, त्या दोघांनाही खाली बसायला सांगितलं, आणि संक्रांतीपासून सगळं सांगायला सुरुवात केली.